वजन करून ये

माझ्या रत्नागिरीच्या दवाखान्यात पोरांचं जितक्या वेळा वजन होतं, तितक्या वेळा मिरकरवाड्याच्या बंदरावर सुरमईचंसुद्धा होत नसेल. मुलांची डॉक्टर म्हटल्यावर वजन आलंच, पण माझ्याकडे त्याला आणखी एक कारण आहे. वजनकाटा मागच्या खोलीत आहे, आणि माझ्या टेबलापाशी बोललेलं तिथे ऐकू जात नाही. आईबापांना काही वाईट सांगायचं असलं की मी पोराला म्हणते, "जा, मावशींबरोबर वजन करून ये." मावशी म्हणजे माझ्याकडे सतरा वर्षं काम करणारी बाई. हे वजन औषधाच्या मापासाठी आहे की वेळ काढण्यासाठी, हे तिला माझ्या आवाजावरून कळतं. वेळ काढायचा असला तर ती आधी चपला घालून वजन करते, मग चपला काढून, मग काटा बिघडलाय म्हणून पुन्हा एकदा. तिसरं वजन संपेपर्यंत आईबापांचे डोळे पुसून झालेले असतात, आणि मग आम्ही सगळे मिळून पोराकडे बघून हसतो.

कॅन्सर हा शब्द माझ्या खोलीत कुणी उच्चारत नाही. उच्चारलाच तर मी, आणि मग ताटात शिंकल्यासारखं सगळे माझ्याकडे बघतात. लोक म्हणतात 'तो आजार'. म्हणतात 'मोठं दुखणं'. किंवा नुसतंच 'मुंबईचं', कारण त्याचा इलाज मुंबईला होतो. "तिच्या दिराला मुंबईचं झालंय," असं. आता आमचा अर्धा जिल्हा नोकरीला मुंबईत, त्यामुळे 'मुंबईचं' म्हणजे पगार की आजार हे सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं.

ही मुलगी आली तेव्हा पाचवीत होती. गाव संगमेश्वराच्या आतल्या बाजूला, एसटीने दोन तास. बाप मुंबईला एका कंपनीच्या गोदामात, घरी आई आणि आजोबा. आई तिला घेऊन आली ते पायावरच्या काळ्यानिळ्या डागांसाठी. "सायकलवरून पडते हो सारखी," आई म्हणाली. मुलगी म्हणाली, "माझ्याकडे सायकल नाहीये." आईने तिला डोळे वटारून दाखवले. मी रक्त काढायला सांगितलं, दुपारी रिपोर्ट आला, आणि मी पोरीला म्हटलं, "जा, मावशींबरोबर वजन करून ये."

आई रडली नाही. रिपोर्ट ऐकला, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो, "तिला सांगणार तुम्ही?"

"सांगायला लागेल. मुंबईला न्यायचंय. सुया टोचायच्या आहेत, केस जाणार आहेत. तिला कळायला नको का कशासाठी ते?"

"नको मॅडम. तिला झेपायचं नाही. माझ्या गळ्याशपथ सांगा, नाही सांगणार."

मी शपथा घेत नाही. शपथा घालणाऱ्या आयांवर मी खेकसते, हे अख्ख्या रत्नागिरीला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी "बरं" म्हटलं. आईची दया आली असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं. दहा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत बघून हे सांगायचं कसं, हे मला येत नव्हतं, आणि आता ते न येण्याला आईची परवानगी मिळाली होती.

मुलगी परत आली. "चोवीस किलो," ती म्हणाली. "तिन्ही वेळेला."

मी तिला सांगितलं, तुझं रक्त कमी झालंय, मुंबईला जाऊन भरून यायचं.

"पेट्रोलसारखं?"

"हो, तसंच."

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिने चपला घातल्या.

मुंबईचं सगळं झालं. मोठा इलाज जवळजवळ वर्षभर चालला. ती टोपी घालून परत आली तेव्हा आजार आटोक्यात होता, आणि आता पुढची दोनेक वर्षं रोज घरी गोळ्या घ्यायच्या होत्या. आजार दबलेला असतो, मेलेला असेलच असं नाही, म्हणून त्या गोळ्या. त्यात हयगय झाली तर तो परत येऊ शकतो, आणि परत आला की पहिल्यापेक्षा अवघड जातो. हे मी तिच्या आईला तीनदा समजावलं. पोरीला काय सांगितलं? रक्तवाढीच्या गोळ्या आहेत बाय, रोज घ्यायच्या.

दर पंधरवड्याला ती रक्त तपासायला माझ्याकडे यायची. केस उगवायला लागले होते, चिंचोक्याएवढे. शाळा सुरू झाली होती. रिपोर्ट हातात आला की आईच्या आधी ती वाचायची आणि मागच्या रिपोर्टाशी ताडून बघायची. संक्रांतीच्या सुमाराला हिमोग्लोबिन छान वर आलं. तिने बोट ठेवून विचारलं, "हे म्हणजे रक्तच ना?"

"रक्तच."

"मग भरलं?"

"भरलं की," मी म्हटलं, आणि टेबलावरच्या वाटीतला तिळाचा लाडू तिच्या हातावर ठेवला. इतकी खूश होते मी.

त्यानंतरचे रिपोर्ट मला आवडेनात. या गोळ्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी थोड्या कमीच राहायला हव्यात, तसं असलं की गोळ्या काम करतायत असं समजायचं. हिच्या वाढायला लागल्या. एखाद्या धडधाकट पोरीच्या असाव्यात तितक्या. मी मुंबईला फोन केला. तिथल्या डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि विचारलं, "पोटात जातायत ना नीट?" मी आईला विचारलं. आईला रागच आला. "मी स्वतः रोज तिच्या हातावर ठेवते, मॅडम." गोळी वाढवली तरी पेशी होत्या तिथेच. आजार परत डोकं वर काढतोय की काय, या विचाराने मला जेवण जाईना. मावशीवर, पोरांवर, औषधं विकायला येणाऱ्या एजंटांवर, सगळ्यांवर मी ओरडत सुटले.

अशातच शिमगा आला आणि तिच्या आजोबांचा निरोप आला. आमच्याकडे पालखी यायची आहे, डॉक्टरीणबाईंनी यायचंच. मी देवधर्मातली नाही. पण रविवार होता, आणि मला पोरीला दवाखान्याबाहेर एकदा बघायचं होतं. खरंच पळते का, जेवते का, दम लागतो का. गेले.

शिमग्यात ग्रामदेवीची पालखी देवळातून निघून घरोघर येते. अंगणात नाचवतात, मग घरातल्या बाया ओटी भरतात आणि गाऱ्हाणं घातलं जातं. म्हणजे घरचं जे काही सुखदुःख असेल ते एकाने मोठ्या आवाजात देवीपुढे मांडायचं, आणि दर वाक्याला सगळ्या गावाने "होय महाराजा" म्हणायचं. या गावात गाऱ्हाणं घालायचा मान आजोबांच्या घराण्याकडे. आजोबा एरवी घुमे. माझ्या दवाखान्यात दोनदा आले होते, दोन्ही वेळा छत्री धरून बसून राहिले. पोरीचा आजार त्यांनी कुणापाशी काढलेला मी कधी ऐकला नव्हता.

मुलगी मजेत होती. पालखीमागून धावत होती, गालाला गुलाल. बाप मुंबईहून आला होता, ढोलवाल्यांना पाणी देत होता. आई ओटीचं ताट घेऊन दारात. माझ्या हातात कुणीतरी नारळ दिला होता. ढोल थांबले आणि आजोबांनी हात जोडले.

"बा देवी माऊली, बारा वाड्यांची तू मालकीण. आज तुझी पालखी लेकरांच्या अंगणात उभी हाय."

"होय महाराजा!"

"लेकरांनी वाकडीतिकडी सेवा केली आसंल, ती गोड मानून घे."

"होय महाराजा!"

"आणि ही जी माझी नात, हिला रक्ताचा कॅन्सर झालेला हाय."

"होय महाराजा!"

सवयीने म्हटलं सगळ्यांनी. पन्नासेक बाप्ये होते, 'होय' दणक्यात निघालं आणि 'महाराजा'पर्यंत पोचताना निम्मे आवाज गळाले. आजोबांचे डोळे मिटलेले. ते पुढे बोलत होते.

"मुंबईच्या मोठ्या डाक्टरांनी इलाज केला, आणि आता ह्या रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाई, ह्या हितंच उभ्या हायत, ह्या बघतायत. त्यांच्या हाताला यश दे. हे दुखणं मुळासकट उपट आणि साता समुद्रापलीकडं नेऊन टाक."

"होय महाराजा."

मुलीने आजोबांकडे बघितलं नाही. आईकडेही नाही. तिने गर्दीतून मला शोधून काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या नारळाची शेंडी नीट करायला लागले.

पालखी पुढच्या घराकडे वळल्यावर मी आजोबांना बाजूला घेतलं. "आजोबा, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"पोरीसमोर बोललात!"

"पोरीला कुठं सांगितलं? मी देवीला सांगत होतो."

"मग देवीला मोघम सांगायचं होतं."

आजोबांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "देवीला मोघम? नुसतं आजार म्हटलं, आणि तिनं पोरीची सर्दी बरी केली म्हणजे?"

मी हातातला नारळ त्यांच्या हातात दिला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "तिने ऐकलं नसेल हो मॅडम. ढोल वाजत होते ना." मी म्हटलं, ढोल बंद होते. ती म्हणाली, "हो का?" आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी त्यांची तारीख होती. दोघी आत आल्या. मी तोंड उघडायच्या आत मुलगीच म्हणाली, "आज आईचं वजन करा."

"आईचं कशाला?"

"कमी झालंय तिचं. मावशी, घेऊन जा तिला. चपला घालून पण करा आणि काढून पण करा."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आई "अगो, माझं काय वजन" म्हणत म्हणत मागच्या खोलीत गेली, आणि दार लागलं. मुलगी आईच्या खुर्चीत बसली.

"आजोबा देवीशी खोटं बोलत नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

"म्हणजे तुम्ही बोललात."

"हो."

"कशाला?"

आईने शपथ घातली होती, हे उत्तर तोंडात तयार होतं. ते खरंही होतं. पण तेवढ्यावर ही पोर सोडणार नव्हती. मी म्हटलं, "मला भीती वाटली. तू रडशील, आणि मग मलाही रडायला येईल, अशी."

तिने त्यावर विचार केला. "मुंबईला माझ्या बाजूच्या पलंगावर एक मुलगी होती. ती मला म्हणाली, तुला पण कॅन्सरच आहे. मी म्हटलं, नाही, मला रक्त कमी आहे, आमच्या रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलंय. ती हसली मला. मी तिच्याशी बोलणंच सोडलं."

त्यापेक्षा कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मी तिची माफी मागितली. "ठीकाय," ती म्हणाली, आणि पुढच्या प्रश्नावर आली. तिने बहुतेक मनात यादीच करून आणली होती.

"त्याने मरतात?"

"काही मुलं मरतात. बरीच बरी होतात. तुझ्या प्रकारचा असला तर खूपच बरी होतात. पण गोळ्या पूर्ण घेतल्या तर."

"मी मरेन?"

"मला माहीत नाही. नाही मरणार असं वाटतं. पण माहीत नाही."

तिने मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. आत एव्हाना काटा बिघडला असणार. मग पोरीने विचारलं, "आणि गोळ्या नाही घेतल्या तर?"

मी पेन खाली ठेवलं. "कधीपासून नाही घेतल्यास?"

"संक्रांतीपासून."

"टाकतेस कुठे?"

"अळवात. आई हातावर ठेवते, मी तोंडात टाकते, मग परसात चूळ भरायला जाते." आणि मग एकदम जोरात, "तुम्हीच म्हणालात रक्त भरलं! मग कशाला घ्यायच्या? मळमळतं मला त्यांनी!"

यात तिचं काय चुकलं होतं, सांगा. आम्ही सगळ्या शहाण्या माणसांनी मिळून तिला एक गोष्ट सांगितली होती, आणि ती एकटीच त्या गोष्टीप्रमाणे वागली होती. मी तिला सगळं सांगितलं. गोळ्या कशासाठी, पेशी का वाढल्या, आता मुंबईला जाऊन कमरेच्या हाडातून पुन्हा तपासणी करावी लागेल, आणि आजार परत आलाय का ते त्यातच कळेल. ती रडली नाही. टेबलावरून पुढे वाकून हळूच म्हणाली, "गोळ्यांचं आईला सांगू नका हां. तिला झेपायचं नाही. गळ्याशपथ."

तेच शब्द, तीच खुर्ची. मी म्हटलं, "नाही. आता शपथ नाही. कुणाचीच नाही."

"मग मी परत काही सांगणार नाही तुम्हाला."

"नको सांगूस. पण हे तुझ्या आईला सांगायला लागेल. तू सांग नाहीतर मी सांगते."

तेवढ्यात दार उघडलं. आईचा चेहरा पांढराफटक. दाराची चौकट धरून ती म्हणाली, "मॅडम, मावशींनी तीनदा वजन केलं माझं. मला काय झालंय?"

म्हणजे तिलाही माहीत होतं ते वजन. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या सगळ्यांना माहीत असणार. मी आणि मावशीच सतरा वर्षं समजत होतो की कुणाला कळत नाही.

"तुम्हाला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "बसा."

आई बसली. मुलगी उठून तिच्यासमोर उभी राहिली, शाळेत कविता म्हणायला राहतात तशी, हात मागे. "आई, मला कॅन्सर आहे. मला माहितीये. आणि मी संक्रांतीपासून गोळ्या घेतलेल्या नाहीयेत. अळवात टाकल्या."

आईने आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "अळवात?"

"हो."

"आपल्या परसातल्या?"

"हो."

"अगो बाय माझे, त्या अळवाचं फदफदं केलं मी परवा! आजोबांनी दोनदा मागून घेतलं!"

आणि हे बोलता बोलताच तिचा बांध फुटला. दीड वर्षाचं सगळं बाहेर आलं. पोरीला ओढून छातीशी धरलं, एक धपाटा घातला, पुन्हा धरलं. तेव्हा कुठे पोरगी रडली. मीही रडले, मावशी तर दारातच हुंदके देत होती. बाहेर बाकावर पेशंट खोळंबले होते. खोळंबू देत म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी त्या मुंबईला गेल्या. जायच्या आधी मी तिथल्या डॉक्टरांना सगळं कळवलं, माझ्या 'भरलं की'सकट. ते म्हणाले, उद्याच पाठवा. गोळ्या त्याच रात्रीपासून सुरू झाल्या. आईने हातावर ठेवायची आणि पोरीने तिच्यासमोर गिळून, जीभ बाहेर काढून दाखवायची, असं दोघींचं ठरलं. तपासणी झाली आणि रिपोर्टला आठवडा लागेल म्हणाले. तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. दोन महिने गोळ्या चुकल्या होत्या, आणि त्यातली एक चूक माझ्या जिभेची होती. एका सकाळी आंघोळ करताना मी हात जोडलेले माझ्या लक्षात आलं. मी त्या देवीला सांगत होते. मोघम नाही, आजाराच्या प्रकारासकट सांगत होते.

फोन आला तेव्हा मी एका बाळाला लस टोचत होते. मावशीने फोन माझ्या कानाला लावला. आईचा नंबर, पण आवाज पोरीचा.

"डॉक्टर, रिपोर्ट आला. त्यांनी मला खोलीत बसवून सांगितला. मला आणि आईला एकदमच."

"काय आला?"

"आधी बसा तुम्ही."

"बसलेय."

"खोटं बोलू नका. बाळ रडतंय, तुम्ही इंजेक्शन देताय."

मी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि खुर्चीत बसले. "आता बसले. खरंच."

"कॅन्सर परत आलेला नाहीये," ती म्हणाली. पूर्ण शब्द घेऊन, न अडखळता. "पण गोळ्या आता पहिल्यापासून सगळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही असं म्हणाले. मी हो म्हटलंय. आजोबांना तुम्ही कळवा, त्यांना देवीला सांगायचं असेल."

डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. समोर ती बाळाची आई घाबरून बघत बसलेली. मावशीने माझा चेहरा बघितला आणि सतरा वर्षांच्या सवयीने बाळाला उचललं. "चला ताई," ती त्या बाईला म्हणाली, "जरा वजन करून येऊ."

"नको मावशी," मी म्हटलं. "बसू दे त्यांना. बातमी चांगली आहे."